ओठांकडे बघणारी

सुरतेच्या डिंडोलीत आम्ही ज्या रो-हाऊसच्या माडीवर भाड्यानं राहायचो, त्या घराची मालकीण कोणाच्या डोळ्यांकडे बघून बोलत नसे. ती ओठांकडे बघायची. तुम्ही बोलत असाल तर एक वेळ समजून घेता येतं, पण गप्प बसलात तरी तिची नजर तिथून हलत नसे. पहिल्या भेटीत मी दोनदा पदरानं तोंड पुसलं. मला वाटलं, चहाची साय लागली असावी.

सगळी गल्ली तिला आजी म्हणायची, म्हणून आम्हीही आजीच म्हणू लागलो. मनातल्या मनात मात्र मी बरेच दिवस तिला ‘ती बाई’ म्हणायचे. हाडापेरानं मोठी, केस घट्ट मागे बांधलेले, हातात चांदीचं एकच जाड कडं. खानदेशातून नवऱ्याबरोबर तरुणपणी सुरतेत आलेली. नवरा लूमच्या खात्यात, म्हणजे मागांच्या कारखान्यात, विणायचा आणि ती त्याच खात्यात, त्याच चार भिंतींच्या आत, पंचवीस-तीस वर्षं सुताच्या बॉबिन भरायची. नवरा गेला, मुलगा चलथाणच्या बाजूला राहायला गेला, ही एकटी खालच्या मजल्यावर राहिली. तिची बोली अहिराणी, आणि ती समोर कोण आहे हे न बघता सगळ्यांशी तीच बोलायची. गुजराती भाजीवाल्याशी, ओडिया शेजाऱ्याशी, वीजबिलाच्या माणसाशी, सगळ्यांशी. माझं माहेर नाशिककडचं. अहिराणी मला कळते, पण बोलायला गेले की सासरचे हसतात, म्हणून मी मराठीतच उत्तर द्यायचे.

घर बघायला गेलो त्या दिवशीची गोष्ट सांगते. मी आजीबरोबर माडीवर खोली बघत होते. माझा नवरा खाली गल्लीच्या पार पलीकडच्या टोकाला, ज्यानं घर दाखवलं त्या मित्राशी बोलत उभा होता. खिडकीची काच बंद होती, कारण समोर बांधकाम चालू होतं आणि धूळ येत होती. आजी काचेतून खाली बघत म्हणाली, “तुना मालक म्हनस, घर अंधारं शे. सकायले ऊन येस, सांग त्याले.”

परत जाताना मी नवऱ्याला विचारलं. तो चालता चालता थांबलाच. म्हणाला, “मी खरंच तसं म्हणालो. पण इतकं हळू, की शेजारी उभ्या असलेल्या माणसाला दोनदा सांगावं लागलं.” आम्ही एकमेकांकडे बघितलं आणि हसण्यावारी नेलं. नवरा कामाला होता ती पांडेसऱ्याची डाइंग मिल जवळ पडत होती, आणि आम्हाला घर हवं होतं.

तिचा आवाजही भरवशाचा नव्हता. कधी शांत दुपारी इतक्या जोरात बोलायची की कबुतरं उडायची. आणि कधी बोलता बोलता आवाज बंद व्हायचा, तोंड मात्र चालूच. चांगली अर्धी गोष्ट ती तशीच, बिनआवाजाची सांगून जायची, मग मध्येच आवाज परत यायचा आणि शेवट ऐकू यायचा. आपण मान हलवायची. म्हातारपण, दुसरं काय, असं मी म्हणायचे, पण ती अशी आवाज हरवून बोलायला लागली की मी काहीतरी निमित्त काढून वर निघून यायचे.

घरात ती अनवाणी असायची. जिन्यावर कोणी पाऊल टाकलं की मागे न वळता सांगायची, “पोर उनी वाटस.” आणि खरंच माझी मुलगी जिना उतरत असायची. पण दाराशी उभं राहून हाका मारल्या तर ओ द्यायची नाही. पाठमोरी असली की नाहीच. गल्लीत म्हणायचे, घमेंड आहे बाईला.

गल्ली तिला वचकून असायची, त्याला कारण घडलं होतं. समोरच्या घरातल्या मुलीचं लग्न ठरलेलं होतं. ती मुलगी रोज दुपारी गॅलरीच्या बंद काचेआड फोनवर बोलायची. एक दिवस आजी सरळ त्यांच्या फाटकाशी गेली आणि मुलीच्या आईला म्हणाली, “तुनी पोरले त्या घरमा नही जानं. विचार तिले.” आईनं विचारलं, मुलगी रडली, सगळं बाहेर आलं आणि लग्न मोडलं. नंतर त्या स्थळाचं जे काही कानावर आलं, त्यावरून मुलगी वाचली असंच सगळे म्हणत होते. पण त्या दिवसापासून समोरच्या घराला जाड पडदे लागले. आम्ही राहायला आलो त्या आठवड्यात शेजारच्या बाईनं मला बाजूला घेऊन सांगितलं, “इनके सामने बात करना तो मुँह पर हाथ रख के करना.” मला आधी ती चेष्टा वाटली. मग बघितलं तर गल्लीतल्या बायका आजीसमोरून जाताना खरोखरच पदर तोंडावर घेऊन बोलत होत्या.

अशा बाईच्या ताब्यात मी माझी मुलगी दिली. का दिली, तेही सांगते.

आरूला अडीच वर्षं उलटून गेली तरी ती बोलत नव्हती. मम्मी नाही, पप्पा नाही, काही नाही. रडायची, खिदळायची, पण शब्द म्हणून काही नाही. मोठ्या दवाखान्यात नेऊन कान तपासले. कान उत्तम होते. तिथली डॉक्टर, तरुण गुजराती मुलगी, मला म्हणाली, “मोबाइल बंद. इसके साथ खेलो, बोलो.” मला तिचा राग आला, कारण ती बरोबर बोलत होती. मी घरी साड्यांवर स्टोन चिकटवायचं काम करायचे. गठ्ठा आला की तो वेळेत द्यावा लागतो, आणि गोंद सुकायच्या आत खडा बसला पाहिजे. तेवढ्या वेळात पोरीनं साडीवर येऊ नये म्हणून मी तिच्यासमोर मोबाइल लावून द्यायचे. ती तासन् तास बसायची. मीही तासन् तास तोंड उघडायचे नाही. दोन बायका एका खोलीत, आणि बोलणारा फक्त फोन. सासूबाई गावाहून विचारायच्या, “बोलनी का पोर?” त्या प्रश्नाच्या भीतीनं मी त्यांचे फोन उचलायचं टाळायला लागले होते.

एकदा आजी वर आली, आणि बराच वेळ मोबाइलसमोर बसलेल्या आरूच्या ओठांकडे बघत राहिली. मग तिनं मोबाइल उचलला, माझ्या ओट्यावर पालथा ठेवला आणि त्यावर पातेलं झाकलं. म्हणाली, “पोर खाले धाडत जाय.”

मी धाडायला लागले. खोटं कशाला बोलू, माझी सोय होती.

आजीकडे खेळणं म्हणून एकही नव्हतं. खात्यातून आणलेल्या रिकाम्या बॉबिन होत्या, वाट्या होत्या, पाण्याची बादली आणि प्लास्टिकचा मग होता. तेवढ्यावर ती तासभर काढायची. एक बॉबिन जमिनीवरून आरूकडे घरंगळत सोडायची. आरूनं ती परत ढकलली की हातात धरून ठेवायची आणि थांबायची. लगेच सोडायची नाही. पोरीच्या तोंडाकडे बघत बसायची. आरू चुळबुळ करायची, हात नाचवायची, मग तिचे ओठ जरासे हलायचे, आणि त्याच क्षणी बॉबिन सुटायची. मटार सोलतानाही तसंच. शेंग अर्धी उघडायची आणि थांबायची. बादलीत मग बुडवायचा, वर उचलायचा, ओतायच्या आधी थांबायचं. ‘बोल’ असं तिनं पोरीला कधी म्हटलं नाही. मी एकदा जिन्यातून ओरडले, “आरू, पाणी म्हण, पाणी!” तर आजीनं माझ्याकडे असं बघितलं, की मी जिन्यातच थांबले.

“तिले येऊ दे,” ती म्हणाली. “तोंडमा येल शे तिना. तू मधमा नको बोलू.”

पोरीच्या तोंडात शब्द आलेला आहे, हे तिला दिसतं, असं तिचं म्हणणं. मी त्या वेळी ते म्हाताऱ्या माणसाचं बोलणं म्हणून सोडून दिलं. चार महिने गेले. आरू मोबाइल विसरली. सकाळी उठली की जिन्याकडे धावायची. चेहरा हसरा झाला. पण आवाज काही फुटला नाही. आणि मी विचारलं की आजी म्हणायची, “कोन म्हनस बोलत नही? तुनी पोर कितली बोलस वं! माले थकाडी देस.”

मला वाटायचं, ही माझी समजूत काढते आहे. कधी वाटायचं, हिचं डोकं ठिकाणावर नाही.

मग ती दुपार आली. श्रावणातली, दाटून आलेली, वारा पडलेली दुपार. गोंद संपला म्हणून मी तीनच्या सुमारास खाली उतरले. आजीचं दार उघडं होतं. आत दोघी गुडघ्याला गुडघा लावून बसल्या होत्या. मध्ये वाट्या मांडलेल्या. आजीचे ओठ हलत होते. नीट, सावकाश, शब्दांवर शब्द. ती थांबली, आणि आरूचे ओठ हलायला लागले. तिनं हात हलवले, भुवया उडवल्या, वाटीकडे बोट दाखवलं, पुन्हा बोलली. आजी मान मागे टाकून हसली. त्या हसण्यालाही आवाज नव्हता. मग आजी बोलली, मग आरू, मग आजी. दोन माणसं मजेत गप्पा मारत होती, आणि खोलीत पंख्याच्या आवाजाशिवाय काही नव्हतं.

मला आधी वाटलं, माझेच कान गेले. मी हातातली गोंदाची रिकामी बाटली दाराच्या चौकटीवर आपटली. खणकन आवाज झाला. आरूनं वळून माझ्याकडे बघितलं. आजीनं नाही बघितलं. मग आरूनं आजीचा गुडघा थोपटला आणि तिच्याकडे तोंड करून ओठांनी काहीतरी सांगितलं, आणि तेव्हा कुठे आजी माझ्याकडे वळली. “ये ना, बठ,” ती म्हणाली. या वेळी आवाज होता, जरा जास्तच मोठा.

मी बसले नाही. आरूला काखोटीला मारलं आणि वर घेऊन आले. तिला समोर बसवून म्हटलं, “मम्मी म्हण.” तिनं माझ्या ओठांकडे बघितलं. डोळ्यांकडे नाही, ओठांकडे. आणि तिचे ओठ दोनदा मिटले, दोनदा उघडले, अगदी बरोबर. आवाज नाही. मी तिला हलवलं, दरडावलं. तिनं परत तेच केलं, आणि मला कळत नाही हे बघून कंटाळून तोंड फिरवलं.

आपल्या पोटच्या पोरीची भीती वाटणं ही काय गोष्ट असते, ते मी कोणाला सांगू शकले नाही. नवऱ्याला नुसतं जे बघितलं ते सांगितलं, तर तो म्हणाला, उद्याच घर सोडू. दोन दिवस मी आरूला खाली जाऊ दिलं नाही. ती दाराशी बसून राहायची. फरशीकडे तोंड करून तिचे ओठ हलत राहायचे.

तिसऱ्या दिवशी ती माझा डोळा चुकवून खाली गेली. मी मागोमाग गेले, भांडायच्याच तयारीनं. आजी माझ्याकडे पाठ करून तांदूळ निवडत होती. मी दारातूनच सुरू केलं, “आजी, तुम्ही माझ्या पोरीला काय केलंत? मुकी केलीत तिला!” माझा आवाज गल्लीत गेला असणार. आजी शांतपणे तांदूळ निवडत राहिली. आत कुकरनं शिट्टी दिली. आजी हलली नाही. दुसरी शिट्टी झाली. आरूनं माझ्याकडे बघितलं, मग आजीसमोर जाऊन उभी राहिली, तिची हनुवटी दोन्ही हातांनी वर केली आणि ओठांनी सांगितलं. आजीनं परात बाजूला ठेवली, उठली आणि जाऊन गॅस बंद केला.

मी दारात उभी होते. माझा सगळा राग एकदम ओसरला. आजीला ऐकू येत नव्हतं. कमी नाही, मुळीच नाही. इतक्या वर्षांत गल्लीतल्या एकालाही ते माहीत नव्हतं, कारण ती आम्हा सगळ्यांचं बोलणं वाचत होती. आणि माझी मुलगी गेले काही महिने तिचे कान झाली होती. शिट्टी झाली, बेल वाजली, दूधवाला ओरडला, सगळं ती आजीला सांगत होती. माझी मुलगी बोलत होती. आजी खरंच सांगत होती.

पुढे तिनं मला समजावलं ते असं. लूमच्या खात्यात शंभर माग एकदम चालू असतात. तिथं ओरडून उपयोग नाही. “खातामा असंच बोलनं पडे,” ती म्हणाली. “आवाज कोन आयकी?” माणसं तोंडानं शब्द करायची, आवाज काढायचाच नाही, आणि समोरचा ओठ बघून समजायचा. वीस-पंचवीस फुटांवरून माणसं तशी थट्टामस्करी करायची, भांडायची, पोराबाळांची विचारपूस करायची. कान कधी गेले ते तिला कळलंसुद्धा नाही. खात्यात कान लागतच नव्हते, आणि घरी आल्यावर डोळ्यांची सवय झालेली होती; जिन्यावरचं पाऊल तर फरशीतून तळव्यांना कळायचं. स्वतःचा आवाज चालू आहे की बंद, हे तिला कळत नसे. जवळच्या माणसाशी मोकळेपणानं बोलायला लागली, की ती आपोआप खात्यातलं बोलणं बोलायची. आरूला तिनं मनापासून, जीव लावून बोलायला शिकवलं. जसं तिला येत होतं तसं.

पण हे तिनं सांगितलं ते नंतर. आधी मला तिला सांगावं लागलं, आणि त्यासाठी मी चार दिवस घेतले. मी जे सांगणार होते, ते तिच्या कामाचं मातेरं करणारं होतं. पण न सांगावं तर माझी मुलगी जन्मभर त्या एकाच बाईला कळेल असं बोलत राहणार. शेवटी मी तिच्यासमोर बसले आणि तिला दिसेल असं सावकाश म्हणाले, “आजी, आरूचा आवाज येत नाही.”

“कोनले?”

“कोणालाच नाही.”

“मी तं रोज आयकस.”

“ऐकत नाही तुम्ही, आजी. बघता.”

ती माझ्या ओठांकडे बघत राहिली. मला वाटलं, तिला नीट वाचता आलं नाही, म्हणून मी पुन्हा म्हणायला तोंड उघडलं, तर तिनं हात वर करून मला थांबवलं. मग तिनं तोच हात आरूच्या गळ्यावर ठेवला. आरू तिला काहीतरी सांगत होती, नेहमीसारखी भरभरून. आजीनं तळवा गळ्यावरून छातीवर आणला, परत गळ्यावर नेला. माग चालू आहे की बंद ते फळीला हात लावून बघावं तशी ती बघत होती. तिथं काही हलत नव्हतं. आजीचा चेहरा मी कधी विसरणार नाही. ती रडली नाही. मलाच रडू आलं.

दुसऱ्या दिवशी मी खाली गेले तर आजी खोलीच्या मधोमध पाटावर बसली होती, आणि डोक्यावरून छातीपर्यंत तिनं लाल साडीचा कापलेला तुकडा पांघरला होता. हात गुडघ्यांवर. बुजगावण्यासारखी. “माले दिखस, म्हनीसन ती आवाज काढत नही,” कापडाआडून ती म्हणाली. “आते माले दिखनार नही.”

पोरांचा खेळच तो, आंधळी कोशिंबीर. पण मी असा खेळ कधी बघितलेला नाही. ऐकू न येणाऱ्या बाईनं डोळेही झाकून घेतले. तिला आता काहीच कळणार नव्हतं. आरूला आधी गंमत वाटली. तिनं समोर जाऊन ओठ हलवले. लाल कापड हललं नाही. तिनं बॉबिन मांडीवर ठेवली. आजीनं ती चाचपून परत घरंगळत सोडली, दोन हात पुढे केले आणि थांबली. आरू बोलली, बिनआवाजी. हात तसेच पुढे. ती मागे गेली, बाजूला गेली, परत समोर आली, तिचं तोंड सारखं चालू होतं, आणि समोर ते कापड घेतलेलं डोकं. ती कापड ओढायला गेली, तर आजीनं ते घट्ट धरलं.

रोज दुपारी तासभर हे चालायचं. मी कोपऱ्यात बसून असायचे. आजीनंच बसवलं होतं मला. “आवाज उना का माले हात लावजो,” एवढंच सांगितलं होतं. काम सोडून मी बसायचे. ढगांमुळे खोलीत उजेड कमी असायचा. मध्ये ती लाल, चेहरा नसलेली आकृती, आणि तिच्याभोवती गोल गोल फिरणारी माझी मुलगी, तोंड उघडतेय, मिटतेय, उघडतेय. सहाव्या-सातव्या दिवशी आरू जमिनीवर आडवी पडून पाय झाडायला लागली. रडण्याला आवाज होता, शब्दाला नाही. मला ते सहन होईना. मी म्हणाले, “पुरे, आजी, नको हे.” कोणाला म्हणत होते? तिला ऐकू येत नव्हतं, दिसत नव्हतं. त्या खोलीत माझं बोलणंही कोणाला पोचत नव्हतं, तेव्हा आरूचं काय होत असेल ते मला कळलं.

किती दिवस गेले ते मी मोजले नाहीत. एक दिवस आरू थकून भिंतीशी बसली होती. खेळही बंद झाला होता. आजी पाटावर, मी कोपऱ्यात. आणि खोलीत कोणीतरी बोललं.

“आजी.”

मी दाराकडे बघितलं. खरंच बघितलं, कारण तो लहान मुलाचा आवाज नव्हता. जाड, घोगरा, खालून आलेला. पुरुषाचा म्हणावा असा. दारात कोणी नव्हतं. आरू भिंतीशी उभी राहिली होती, मुठी वळलेल्या. तिनं पुन्हा तोंड उघडलं आणि तोच आवाज बाहेर आला, “आजी! आजी!”

लाल कापड जरासुद्धा हललं नाही.

आणि जिनं तीन वर्षं या आवाजाची वाट बघितली ती मी जागची उठू शकले नाही. घाबरले होते म्हणून, आणि दुसरंही एक कारण होतं. ती हाक मला नव्हती. आरूनं तिसऱ्यांदा हाक मारली, गल्लीपर्यंत जाईल अशी, आणि तिच्या चेहऱ्यावर मला दिसायला लागलं, की यातूनही काही होत नाही, हाही उपाय चालत नाही, असं तिला वाटू लागलंय. ते दिसलं तशी मी धावले आणि आजीचा खांदा दाबला.

आजीनं कापड फेकलं, आणि पोरीला ओढून पोटाशी घेतलं. तिचा हात पोरीच्या पाठीवर सपाट पसरलेला होता. आरू तिच्या छातीत तोंड खुपसून “आजी, आजी” म्हणत राहिली. आजी पोरीच्या डोक्यावरून माझ्या ओठांकडे बघत म्हणाली, “काय म्हनस?”

“आजी म्हणतेय.”

“कसा शे तिना आवाज?”

मी म्हणाले, “जाड आहे. चांगला आहे.”

“परत सांग,” ती म्हणाली, आणि मी परत सांगितलं.

आता आरूला पाचवं सरून सहावं लागलंय. मराठी, गुजराती, हिंदी सगळं एकत्र कालवून दिवसभर बडबडते. आवाज अजून जाडच आहे, सगळ्यांच्या वर ऐकू येतो, म्हणून शाळेत बाई तिला मागच्या रांगेत बसवून कविता म्हणायला लावतात. आम्ही दोन गल्ल्या सोडून घर घेतलं. तोंड फिरवून, पळता पळता, घास भरलेल्या तोंडानं बोलायची सवय आरूला सगळ्या मुलांसारखी लागली, आणि आजीला तिचं बोलणं दिसेनासं झालं. आजी विचारायची, “काय म्हने?” आरू अर्धवट वळून सांगायची आणि पळायची. हळूहळू आरूनं आजीकडे जाणं कमी केलं. आजीनं एकदाही तक्रार केली नाही. माझ्या मनाला मात्र ते लागतं. तिनं माझ्या मुलीला आवाज दिला, आणि त्या आवाजानंच मुलगी तिच्यापासून तुटली.

एक गोष्ट मात्र राहिली. आरू दुपारी झोपते तेव्हा तिचे ओठ हलतात. आवाज नसतो. ओठ नीट, सावकाश हलतात, मध्ये थांबतात, कोणीतरी उत्तर देत असावं तशी ती झोपेत वाट बघते, कधी हसते, आणि पुन्हा बोलते. उठल्यावर विचारलं तर तिला काही आठवत नाही. मी शेजारी बसून तिच्या ओठांकडे बघते. मला एक अक्षर समजत नाही. मागच्या महिन्यात मी ते मोबाइलवर घेतलं आणि आजीकडे गेले.

आजीनं फोन दोन्ही हातांत धरला. पहिल्यांदा बघितलं, दुसऱ्यांदा लावायला सांगितलं. तिसऱ्यांदा बघताना जिथं जिथं आरू थांबत होती, तिथं तिथं आजीचे ओठ हलायला लागले. पडद्यावरची झोपलेली मुलगी हसली, आणि त्याच वेळी ही हसली. मी तिचा हात हलवून तिला माझ्याकडे वळवलं.

“काय म्हणते ती, आजी?” मी विचारलं.

तिनं माझ्या ओठांकडे बघितलं, मग पुन्हा फोनकडे.

“तुले नही,” ती म्हणाली. “माले सांगी ऱ्हायनी.”